पडद्यावरचा वेंडेल

"नीट बघून घे." थिर्झाबाईंनी ऑर्फाची हनुवटी धरून तिचं तोंड आपल्याकडे वळवलं. "सगळ्या गावादेखत दुसरीच्या गळ्यात पडणार आहे तो. मग रविवारी लस्क गिरणीवाल्याला मुकाट्याने 'हो' म्हणायचं. कळलं?"

ऑर्फाने नुसती मान हलवली.

वेंडेल क्रॅब त्यांच्याच बागेत सफरचंदं तोडायचा. सहीच्या जागी फुली मारणारा गडी, आणि मागणी घातली मालकिणीच्या लेकीला! बाईंनी त्याला फाटकाबाहेर काढलं. तो तडक कॅलिफोर्नियाला गेला. दोन वर्षं झाली, चिठ्ठी नाही की निरोप नाही. आणि आता मेला म्हणे सिनेमाचा नायक झालाय!

हा मूकपट एका मासिकातल्या गोष्टींवरून काढलेला. त्या गोष्टी ऑर्फानेच घरी वाचून दाखवल्या होत्या. बाईंचं अक्षरांशी कधी जमलं नाही. इथे थिएटरातही पडद्यावर संवादाची पाटी आली की ऑर्फा वाचायची, खणखणीत आवाजात. मागून लोक शुकशुक करत. ही ढिम्म. शेवटी बाई कोपर मारत, तेव्हा कुठे आवाज उतरे.

पियानोवाली बेसूर बडवत होती. सगळं थिएटर कुरकुरत होतं. ऑर्फाची नजर पडद्यावरून हलेना.

वेंडेल शिडीवरून थेट पिठाच्या पिंपात पडला. बाईंना हसू फुटलं, ते त्यांनी रुमालात दाबलं.

मग तो सोनेरी केसांच्या नटीपुढे गुडघ्यावर बसला आणि बोलू लागला.

"ऑर्फा," ऑर्फा मोठ्याने म्हणाली, "सफरचंदं उतरायच्या आत मी येतोय. तेवढी थांब. आणि तुझ्या आईला सांग, फाटक उघडं ठेवा."

"काय गं वाचतेस?" मागून म्हातारा न्हावी खेकसला. "पाटी आलीय कुठे अजून?"

तेवढ्यात पाटी आली.

"काय लिहिलंय?" बाईंनी न्हाव्यालाच विचारलं.

"'क्लारा, माझ्या काळजाची राणी होशील?' दुसरं काय असणार, थिर्झाबाई?"

ऑर्फा हसत होती, आणि गाल ओले होते. बाई बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी लेकीची हनुवटी पुन्हा वळवली आणि आवाज न काढता, नुसते ओठ हलवून म्हणाल्या, "येऊ दे. आल्याआल्या त्या फाटकाला तेल घालायला लावते."

सहाव्या वर्षी तापात कान गेल्यापासून पोर माणसांचे ओठ वाचत आली होती, आणि वेंडेल ते विसरला नव्हता.