धनसिंगची घागर

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सकाळी झुलाल आबांनी पितरांच्या घागरींशेजारी आणखी एक कोरी घागर मांडली. ती कोणासाठी, हे कुंदाला कोणी सांगावे लागले नाही. कापसाचा ट्रक घेऊन गेलेला तिचा भाऊ धनसिंग कित्येक वर्षांत परतला नव्हता. ना तो सापडला, ना त्याचा देह. आज त्या घागरीत पाणी पडले, की तो पितरांत जमा होणार होता. गेलेला जीव किती दिवस तहानलेला ठेवायचा, असे आबांचे म्हणणे.

कुंदाची आई, वच्छलाबाई, उंबऱ्याशी बसून चोळी शिवत होती. सुईत दोरा तिने पहिल्याच खेपेस ओवला होता. नजर मात्र धुळ्याच्या रस्त्यावर.

"आभायना मरेल तारा मोजस तू," आबा वेधशाळेत काम करणाऱ्या पुतणीला म्हणाले, "आनि घरना मोजाले लाजस?"

कुंदाने शांतपणे सांगितले, की एका दीर्घिकेत तारा फुटतो तो शतकात एखादा-दुसरा. म्हणून हजारो दीर्घिकांवर वर्षानुवर्षे नजर ठेवावी लागते. निरभ्र रात्री काही दिसले नाही, तरी ती रात्र हिशेबात धरायची. ढगाळ रात्र तेवढी वगळायची. जे पाहिलेच नाही, ते घडले नाही असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

आबांनी नेमके तेच उचलले.

"तुन्ही माय रोज वाट देखस. रस्ता मोकया व्हता. काहीच दिसनं नही. धर हिशेबमा." आणि त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला.

वच्छलाबाईची सुई थांबली. थोरल्या दिराशी ती आयुष्यात प्रथमच तोंड वर करून बोलली.

"मन्हा डोयावर आभाय शे, आबा. मोतीबिंदू. मन्हं देखनं धरू नका."

आबांनी कुंदाकडे पाहिले. निरभ्र रात्र ढगाळ म्हणून वगळणाऱ्या एका सहकाऱ्याशी कुंदाने कायमचे बोलणे टाकले होते.

"मग ती वर्षं धरता येत नाहीत, आबा," ती म्हणाली.

तांब्या खाली आला. कोरी घागर कोरीच राहिली.

वच्छलाबाईने दाताने दोरा तोडला. नवा दोरा सवयीने नेढ्यापाशी नेला, आणि तिचा हात थबकला. मग तिने सुई-दोरा लेकीपुढे धरला.

"ओवी दे, माय."