घरातली एक खोट

संडासाचं दार धुरपताबाईंनी स्वतःच उघडलं, नळ सोडून दाखवला आणि म्हणाल्या, "पाहून घे बाई. पानीबी येते."

पाणी खळखळून आलं. फरशी घासून लख्ख केलेली होती. चेतनाने फॉर्मवर 'आहे, वापरात आहे' अशी खूण केली आणि तिचं तोंड एवढंसं झालं.

सर्वेक्षणाला आलेल्या कुणालाही खरं तर आनंद व्हायला हवा होता. चेतना भोपाळला नगररचनेच्या पदवीचं शिक्षण घेत होती. नवेगाव बांधजवळच्या या गावातला जुना तलाव, त्यात पाणी आणणारे ओहोळ आणि नेमकी त्याच वाटेवर उभी राहू लागलेली नवी घरं, हा तिच्या प्रकल्पाचा विषय होता. विषय खरा होता, फॉर्मही खरे होते. फक्त हेच गाव का निवडलं, ते तिने कॉलेजात सांगितलं नव्हतं.

हे घर तिला सांगून आलेलं स्थळ होतं.

तिचे वडील शालीकराम याच जिल्ह्यातल्या गोरेगावला बी-बियाण्यांचं दुकान चालवत आणि या स्थळावर ते बेहद्द खूश होते. धुरपताबाईंचा मुलगा वीरेंद्र कृषी पदवीधर, घरची धानाची शेती, माणसं सरळ. फोटो पाहून 'पोरगी पसंत आहे' असा निरोपही आला होता. रविवारी शालीकराम इथे येऊन सगळं पक्कं करणार होते. शिक्षणाचं काय, तर लग्नानंतर शिकेल की, असं दोन्हीकडचे मोठ्या मनाने म्हणत होते. लग्नानंतर शिकणाऱ्या चेतनाच्या मैत्रिणी सध्या तिला बारशाचे फोटो पाठवत होत्या. ती फार रडली तेव्हा वडील म्हणाले, "त्या घरातली एक खोट दाखव. मी सोता जाऊन नाई म्हनतो." शालीकराम शब्दाला पक्के होते. म्हणून टोपी, चष्मा आणि फॉर्मांचा गठ्ठा घेऊन लेक खोट शोधायला निघाली होती.

सकाळपासून ज्या ज्या घरात ती गेली, तिथे पाण्याच्या पेल्याआधी एकच प्रश्न पुढे आला होता, कोनाची पोरगी, कोनतं गाव? हे विचारल्याशिवाय इकडच्या माणसाच्या घशातून पुढचा शब्द निघत नाही. चेतना दर वेळी भोपाळ सांगून सटकत होती. धुरपताबाईंनी मात्र काही म्हणजे काही विचारलं नाही. आधी गूळपाणी दिलं, मग उकडलेले शिंगाडे स्वतः सोलून पुढ्यात ठेवले. तेवढ्यासाठीच चेतनाला त्यांचे पाय धरावेसे वाटले. खोटं बोलायचा तिला मनापासून वीट आला होता.

तरी ती शोधत राहिली. भिंतीच्या कोपऱ्यांत तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याच्या पिचकाऱ्या दिसतात का पाहिलं. कोपरे कोरे. सांडपाणी कुठे जातं म्हणून ती परसात गेली, तर ते केळींच्या मुळाशी जात होतं. एवढ्यात मळणीवरून वीरेंद्र आला. अंगभर भुसा होता. चेतनाने आधी त्याचे दात पाहिले. पांढरेशुभ्र.

तो तिला पाहून थबकला, मग आईकडे एक नजर टाकून आत गेला आणि स्वतःच चहा घेऊन आला. वर रिकामे कपही त्यानेच उचलले. पेपर सोपा निघावा आणि नेमकं तेव्हाच आपल्याला नापास व्हायचं असावं, तशी चेतनाची गत झाली.

"हे तुयं शिकनं कवा पुरं होते?" धुरपताबाईंनी विचारलं.

दीड वर्ष आहे, चेतना म्हणाली. मग ती आपोआप बोलत सुटली. तलावाचे ओहोळ मोकळे ठेवून गाव कसं वाढवता येईल, ते तिला शेवटच्या वर्षी आखायचं होतं. असं गावागावांत करायचं होतं. वीरेंद्र दाराशी कप धरून ऐकत राहिला.

"आन् मधात सोडलं तं?"

"तर काहीच नाही, मावशी. अर्ध्या शिक्षणावर मला कुणी एक गल्लीसुद्धा आखू देणार नाही."

धुरपताबाईंनी मान हलवली. "मले सातवीतून काढलं. सासू म्हने, लग्नानंतर शिकजो." हे त्या तक्रारीने बोलल्या नाहीत. मग शिंगाड्यांची सालं गोळा करून त्या आत गेल्या. मायलेकांचं काहीतरी हळू आवाजात बोलणं झालं आणि वीरेंद्र मागच्या दाराने पुन्हा मळणीवर निघून गेला.

चेतनाने फॉर्म मिटले. या घरात खोट नव्हती. एखादी रचून सांगावी, तर शिंगाड्यांची चव अजून जिभेवर होती. इतक्या मायेने तिला परक्या घरात कुणी बसवलं नव्हतं, आणि अशा घराला नाव ठेवणं तिच्याने होणार नव्हतं. बाबांना खरं तेच सांगायचं, असं तिने ठरवलं. दीड वर्षाचं जे व्हायचं ते होईल. तिचे डोळे भरून आले, ते तिने चष्मा पुसण्याच्या निमित्ताने लपवले.

धुरपताबाई फाटकापर्यंत सोडायला आल्या. हातात शिंगाड्यांची पिशवी होती.

"मावशी, तुम्ही माझ्यासाठी खूप केलंत."

"अजून कोठं केलं?" त्यांनी तिची तिरकी झालेली टोपी नीट बसवली आणि पिशवी तिच्या हातात दिली. "हे शालीकरामभाऊले देजो. आन् सांगजो, रविवारी येऊ नका म्हना. पोरगी आमाले पसंत नाई."