टिचकी

भिंतीवर टिचकी मारली की तिच्या पोटात काय चाललंय ते रंगाऱ्याला कळायचं. कपाटामागची काळी बुरशी बघून तो म्हणाला, "वहिनी, नुसता रंग फासून भागणार नाही. ही आधी गिलावा पोखरते, मग माणसाची छाती. तुमचा खोकला हिचाच."

"जाईल ना पण?"

"खरवडून काढतो. अशा छप्पन्न बघितल्यात!"

त्याने तोंडाला फडकं बांधलं आणि टिचकी मारली. भिंत पोकळ वाजली. मग आतून कुणीतरी खोकलं.

वहिनींचं तोंड मिटलेलं होतं.

"पाइपातली हवा असेल," म्हणत तो हसला आणि कान लावून भिंतीला चिकटून उभा राहिला.

आतून टिचकी आली. सरावलेल्या हाताची. बरोबर त्याच्या छातीवर, कुठे पोकळ आहे ते बघत.