चाळीस मिनिटं

पाचपैकी पाच.

सिद्धांतनं उत्तरं पुन्हा एकदा ताडून पाहिली. उतारा कन्नड, दीड पानाचा, तळ्यात साचणाऱ्या गाळाविषयी. चार मिनिटांत वाचून झाला होता आणि पाचही उत्तरं बरोबर. मागच्या परीक्षेत असल्याच दोन उताऱ्यांनी त्याला अडवलं होतं. निम्मा पेपर तसाच राहिला, एफडीएची, सरकारी कचेरीतली कारकुनाची नोकरी दोन मार्कांनी गेली. सातवीपर्यंत मराठी शाळा. कन्नड बोलायला झरझर, वाचायचं म्हटलं की दगडधोंड्यांतून चालल्यागत. रविवारी पुन्हा पेपर होता, आणि आज पहिल्यांदा वाट सपाट लागली होती.

त्यानं कानांतले कापसाचे बोळे काढले.

घर गप्प होतं. तीन महिने ते असंच होतं. क्लासच्या सरांनी सांगितलं होतं, चाळीस मिनिटं मन एका जागी बसवा, मध्ये उठू नका, मध्ये कुणाला बोलू देऊ नका. वेग आपोआप येतो. सिद्धांतनं ते ऐकलं, त्याच्याहून जास्त त्याच्या आईनं, नागुबाईनं ऐकलं. शिटी होते म्हणून तिनं कुकर फळीवर ठेवून दिला. भात पातेल्यात शिजू लागला. टीव्हीवर चादर पडली. भांडी घासताना ओठांवर यायची ती ओवी ओठांआडच विरू लागली. शाळेतली झाडलोट उरकून ती दुपारी यायची, लेकाचा मोबाइल स्वतःकडे घ्यायची, गजर लावायची. गजर झाला की त्याच्या खोलीच्या दारावर दोनदा टकटक.

"उणकलच्या तळ्यावरचे बगळेसुद्धा माझ्याहून जास्त बोलत असतील बघ," परवाच ती म्हणाली होती.

आज गजर सुरू झाला, पण टकटक झाली नाही. दारापलीकडे तो नुसताच वाजत राहिला.

"आये, ऐकलंस का? पाचपैकी पाच!" म्हणत त्यानं कडी काढली.

पाय पाण्यात पडला.

नागुबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पडली होती. प्लॅस्टिकची बिंदगी, पाण्याची घागर, लवंडलेली, पाणी सगळ्या घरभर पसरलेलं. तिचा डावा पाय मांडीतूनच भलतीकडे वळला होता. पदराचा बोळा तिनं तोंडात कोंबला होता. एका हातात मोबाइल होता. डोळे उघडे होते, त्याच्या दाराला लागलेले.

तो ओरडला. गुडघ्यांवर बसून त्यानं बोळा ओढला. एकदम निघेना; दात रुतले होते.

"आये, केव्हा पडलीस?"

तिनं आधी श्वास घेतला. "तू बसलास... मग थोड्या वेळानं."

"मग हाक का नाही मारलीस?"

"नुकता बसला होतास रे."

त्याच्या ओरडण्यानं शेजारच्या हेमावती अक्का धावत आल्या. पाय पाहून त्या चौकट धरून उभ्या राहिल्या. "अय्यय्यो, नागक्का! मी भिंतीला टेकून शेंगा सोलत बसले होते की. एक हाक मारायला काय तोंडाला कुलूप घातलं होतं?"

"तुम्ही बोंबलतच आला असता अक्का," नागुबाई म्हणाली. "तुमचा आवाज काय कमी हाय?"

हेमावती अक्का हसल्या नाहीत. रिक्षा आणायला तशाच अनवाणी पळाल्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी मांडीला हात लावला आणि त्यांचा चेहरा बदलला. हाड मोडलंय, आतल्या आत रक्त गेलंय पुष्कळ. आत्ताच्या आत्ता ऑपरेशन करावं लागेल. "एवढा उशीर का केला?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराला न थांबता आत गेले.

नर्सनं सिद्धांतच्या हातात कागद दिला. "लगू सही माड्री," लवकर सही करा, ती म्हणाली.

कागद कन्नडच होता. जेमतेम सहा ओळी. पहिलीत आईचं नाव पेनानं भरलेलं. दुसरीत 'जीव' होता, 'अपाय' होता. सिद्धांतनं ती ओळ वाचली. डोळा शेवटाला पोचला आणि परत फिरला. पुन्हा वाचली. अक्षरं सगळी ओळखीची होती, एकेक शब्द सुटा कळत होता, पण ओळ काही केल्या आत उतरेना. तिसऱ्यांदा त्यानं ओळीखाली बोट धरलं. बोट शेवटाला पोचलं आणि परत पहिल्या अक्षरावर आलं.

"वाचायला येतंय की नाही हो तुम्हाला?" नर्स म्हणाली. "आणा इकडं, सही कुठं करायची मी दाखवते."

स्ट्रेचरवरून नागुबाईचा हात उठला, नर्सच्या मनगटाला लागला. हात बर्फागत गार होता.

"थांब गं बाई," ती अगदी हळू म्हणाली. "मध्ये बोलू नको. वाचतोय तो."