नऊ जाडजूड चरित्रं

"एक तारखेच्या आत ही नऊच्या नऊ पुस्तकं कुणी घरी नेली नाहीत, तर रद्दीत जाणार," ग्रंथपालबाई म्हणाल्या आणि त्यांनी सलूनच्या बाकावर जड पिशवी आदळली.

वस्तादांनी गिऱ्हाइकाच्या गालावरचा फेस पुसला. समोरच्या वाचनालयातल्या बाई इतक्या काकुळतीला आलेल्या त्यांनी कधी पाहिल्या नव्हत्या.

सगळी पुस्तकं एकाच इंग्रज लेखकाची. राजे, राण्या, आरमारं, लढाया. इतिहास आणि चरित्रं, मराठीत आणलेली. पंचवीस वर्षांपूर्वी नोकरीला लागल्या लागल्या बाईंनी ती स्वतः निवडून मागवली होती. दारातल्या फळ्यावर 'ग्रंथपालांची शिफारस' म्हणून आजही तीच नावं होती. आणि नवी समिती म्हणत होती, दहा वर्षांत एकाही सभासदानं हात लावला नाही, कपाट मोकळं करा.

"माझी निवड रद्दीत जायची म्हणजे मीच जायची की हो!" बाई म्हणाल्या. "एकेक हिरा आहे. दोन-दोनदा वाचलीत मी. तुमच्या खुर्चीत माणूस अर्धा तास हलू शकत नाही, वस्ताद. सांगा ना चार लोकांना."

"सोडा माझ्यावर," वस्ताद म्हणाले.

म्हणाले खरे, पण छापील ओळ दिसली की वस्तादांना जांभई यायची. त्यांनी मुखपृष्ठांवरची चित्रं नीट पाहिली, पाठीमागच्या चार ओळी वाचल्या, पिशवी परत पाठवली आणि दिल्या ठोकून!

काय एकेक थाप! एक राणी खोटी दाढी लावून तुरुंगातून निसटली. एका सेनापतीनं फक्त शिंक आवरली आणि लढाई जिंकली. आणि कुठलंही चरित्र असो, ऐन वेळी राज्य वाचवायला राजाचा न्हावी हजर.

"पुढं काय झालं?" अर्धी मिशी झालेले वकील विचारायचे.

"ते पुस्तकात वाचा. समोरच मिळेल."

तीस तारखेला नववं पुस्तक हेडमास्तरांनी नेलं. समितीनं ठराव मागं घेतला. वाचनालयाच्या खिडकीतून बाईंनी दोन्ही हात उंच केले, आणि खुर्चीत गिऱ्हाईक तसंच सोडून वस्ताद रस्त्यात जाऊन नाचले.

मग मात्र त्यांच्या ध्यानात आलं. लोक आता वाचणार, बिंग फुटणार, आणि बोल लागणार बाईंना.

पंधरा दिवसांनी वकील आले. वस्तादांनी वस्तरा खाली ठेवला.

"काय ती राणी!" वकील म्हणाले. "दाढीचा प्रसंग तर तुम्ही सांगितला त्याहून बहारदार."

हेडमास्तर आले. "त्या न्हाव्याच्या मृत्यूपाशी मी रडलो हो," म्हणाले.

वस्ताद चक्रावले. न्हाव्याला त्यांनी मारलंच नव्हतं. पण जीव भांड्यात पडला. आपली अक्कल त्या इंग्रजाच्या तोडीची निघाली म्हणून छाती थोडी फुगलीही.

तरी बाईंपुढे लपवणं त्यांना जमेना. परत आलेली नऊ पुस्तकं घेऊन बाई सलूनमध्ये शिरल्या, तेव्हा वस्तादांनी कान धरले.

"बाई, माफ करा. मी यातलं एक पानही वाचलेलं नाही. सगळ्या थापा. न्हावी माझा, दाढी माझी, शिंकही माझीच. तुम्ही दोन-दोनदा वाचलेली पुस्तकं मी नासवली."

बाई लालेलाल झाल्या. मग इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

त्यांनी दार लोटून घेतलं आणि सगळ्यात वरचं पुस्तक वस्तादांच्या हातात दिलं. वस्तादांनी ते उघडायला घेतलं. उघडेना. पानं वरच्या कडेला एकमेकांना जोडलेली होती.

"जुन्या छपाईची आहेत," बाई म्हणाल्या. "वाचणाऱ्यानं कापत कापत पुढं जायचं."

वस्तादांनी दुसरं पाहिलं. तिसरं पाहिलं. नऊही चाळायचा प्रयत्न केला.

"म्हणजे वकिलांनी…?"

"नाही."

"हेडमास्तर रडले ते…?"

"अंहं."

"आणि बाई, तुम्ही?"

बाईंनी पदर खोचला, खुर्ची पुढं ओढली आणि हात पुढं केला.

"वस्तऱ्याला धार आहे ना?"