बारा सेंटिमीटर

मेडिकल कॉलेजच्या प्रॅक्टिकल परीक्षेत निरोगी यकृत म्हणून खाटेवर झोपायचं काम अठरा वर्षं शिपाई भागुजीमामांकडेच होतं. पोरांनी बरगड्यांवर बोटाने ठोकून आवाज ऐकायचा, यकृत सुरू होतं तिथे आणि संपतं तिथे पेनाने रेघा मारायच्या, मधलं अंतर टेपने मोजायचं. बारा सेंटिमीटर. गांगरलेल्या पोराला मामा छताकडे बघत हळूच आकडा सांगून टाकत. त्यांच्या पोटावर निदान दोनशे डॉक्टर झाले होते.

आजच्या पोरीने तीनदा मोजलं.

"बारा," मामा पुटपुटले.

"साडेपंधरा येतंय, मामा."

"बारा म्हण, पोरी. नापास होशील."

तिने परीक्षकांना साडेपंधराच सांगितलं. मामांना तिची कीव आली. दिसायला हुशार वाटत होती. परीक्षकांनी स्वतः ठोकून बघितलं, टेप लावली, पुन्हा लावली. मग मामांची पापणी खाली ओढून डोळ्यात पिवळेपणा आहे का ते पाहिलं.

मामा उठून बसले आणि शर्ट चढवून बटणं लावू लागले.

"तू पास," परीक्षक पोरीला म्हणाले. "मामा, शर्ट राहू द्या."