मधल्या किमतीची तलवार

"सरावाला कापणार काय? बांबू की चटया?" दुकानदार श्यांगने विचारलं.

"चटया," बाई म्हणाली. "रात्रभर भिजवून गुंडाळलेल्या."

"किती वर्षांचा सराव?"

"मध्ये सुटला होता. आता पुन्हा धरावा म्हणते."

श्यांगने दोन्ही बाजूंना धार असलेल्या तीन सरळ तलवारी फळीवर मांडल्या. पहिली आठशे युआनची, तिसरी नऊ हजारांची. त्याने या दोन्ही तलवारी बाजूला सारल्या.

"ही स्वस्तातली सकाळी बागेत हात फिरवायला ठीक आहे, कापायला नाही. ती महागडी घेतलीत तर चरा पडेल म्हणून तुम्ही वारच करणार नाही. मधली घ्या. चोवीसशे. पातं जरा जाड आहे, तोल मुठीपासून चार बोटांवर. मनगट दुखणार नाही."

बाई पन्नाशीची असावी. लीश्वे शहराहून सकाळच्या बसने आली होती. लुंगच्वान गावच्या या गल्लीत दर दोन घरांमागे तलवारीचं दुकान. वाटेतली सगळी सोडून ती थेट इथे शिरली होती. तलवारीकडे ती टक लावून बघत होती, पण हात बाह्यांतून बाहेर काढत नव्हती.

"हातात घेऊन बघा की."

"घेते. घाई काय आहे? मुठीच्या आत पातं कुठवर जातं?"

"पार शेवटपर्यंत. मागे ठोकून बसवलंय."

"आणि तुटलं तर?"

श्यांगने पातं मुठीजवळ बाकाला ठोकलेल्या लोखंडी पकडीत धरलं आणि टोकाला हात घालून वाकवायला लागला. दुकानातलं प्रत्येक पातं विकण्याआधी तो असंच वाकवी. आणि दर वेळी, पातं अर्ध्यावर आलं की त्याला तो आवाज ऐकू येई. सुकी फांदी मोडल्यासारखा. पातं मोडलेलं नसे, तरी येई. आजही आला.

त्याने हात सोडला. पातं सरळ झालं.

त्याची बायको चुनशिया चहाचे पेले घेऊन आली. "घ्या, बाई. आमच्याकडे असंच. गिऱ्हाइकाची उलटतपासणी, मग तलवारीची. सोयरीक जमवायची असती तर एव्हाना लग्न लागलं असतं."

बाई हसली नाही. मागच्या दाराकडे बघत तिने विचारलं, "भट्टी थंड दिसते तुमची."

"नऊ वर्षं झाली," चुनशिया म्हणाली. "पंचक्रोशीत यांच्यासारखं पोलाद कुणी ठोकत नव्हतं. एके दिवशी विस्तव विझवला तो विझवलाच. आता दुसऱ्यांची पाती विकतात. कारण विचारलं की भिंतीकडे बघत बसतात."

"तू आत जा," श्यांग हळूच म्हणाला. ती गेली.

बाईने पेला उचलला नाही. "ही तुटणार नाही म्हणता."

"नाही तुटणार."

"तेव्हाही कुणाला असंच सांगितलं होतंत?"

गल्लीत कुठेतरी सहाणेवर पातं घासल्याचा आवाज येत होता. श्यांग स्टुलावर बसला. हा दिवस येणार हे त्याला नऊ वर्षं ठाऊक होतं. फक्त तो अशी कापडी जोड्यांतली, थकल्या डोळ्यांची बाई होऊन येईल असं वाटलं नव्हतं.

"तुम्ही पाओ लीजनची आई?" त्याने विचारलं.

बाईचा चेहरा हलला. श्यांग बोलत सुटला. एवढी वर्षं बायकोलाही न सांगितलेलं सगळं बाहेर आलं.

"पेपरात फोटो आला होता. लीश्वेला नदीकाठी सकाळी दोघी सराव करत होत्या, चटई कापताना तलवार तुटली, तुटकं पातं उडून लीजनच्या गळ्यात घुसलं. वय सव्वीस. दोन तुकड्यांचा फोटो. मुठीवरची पितळी आडपट्टी मी ओळखली. माझ्याच हातची. पात्यावर मी शिक्का मारलेला नव्हता, म्हणून पोलीस इथवर आले नाहीत. मीही गेलो नाही. गप्प बसलो."

"पुढे?"

"त्याच पोलादाची आणखी पाच पाती घरात होती. पकडीत घातली, वाकवली, दगडावर आपटली. एकही मोडेना. म्हणजे एकातच खोट होती आणि ती मला दिसली नाही. तीस वर्षं ठोकून माझ्या हाताला कळलं नाही. मग पुढचं पातं कुणाच्या भरवशावर ठोकायचं? तुमच्या मुलीला मी मारलं, बाई. पोलिसांत चला म्हणालात तर आत्ता येतो."

तो उठून उभा राहिला. खुंटीवरचा कोटही त्याने काढला.

बाईने अखेर हात बाह्यांतून बाहेर काढले. एका हाताने तिने फळीची कड धरली.

"लीजन माझी मुलगी नव्हे. धाकटी बहीण. आईमागे मीच वाढवली तिला," ती म्हणाली. "गेल्या महिन्यात कुणाकडून तरी कळलं, लुंगच्वानच्या श्यांगने भट्टी विझवली. का विझवली ते कुणाला सांगता येईना. लीजनची तलवार तुमच्याकडूनच आणलेली. मला भीती वाटली, त्या तलवारीपायीच तर नाही ना? म्हणून आले. तलवार घ्यायची नव्हती मला."

"तुम्ही होता तिथे?"

"तलवार माझ्याच हातात होती. ओला हात, मूठ सुटली. लीजन समोर उभी होती." तिने श्यांगकडे पाहिलं. "पोलीस यायच्या आधी, तलवारच तुटली असं वाटावं म्हणून, मी ती घाटाच्या पायरीवर आपटली, दादा. अकरा वेळा. तुटता तुटत नव्हती."